गंगथडीचं कालवण

आमच्या घरात पिढ्या मोजायची रीत सोपी आहे: धरणाआधीचे आणि धरणानंतरचे. आबा, आजी, थोरले काका आणि दोघी आत्या धरणाआधीच्या. त्यांनी पैठणच्या वरच्या अंगाला गोदावरी वाहताना पाहिली होती. तिचे डोह, तिचे उतार, कुठल्या खडकाखाली वाम सापडते आणि कुठल्या गवतात मरळ बसते, हे त्यांना तोंडपाठ होतं. आम्ही चुलत, आते मिळून सगळी भावंडं धरणानंतरची. आम्हाला कळायला लागलं तेव्हा तिथं नदी उरली नव्हती. नजर पोचेल तिथवर नाथसागराचं पाणी होतं. या दोन पिढ्यांच्या आठवणी एकमेकींशी फारशा जुळत नाहीत. त्या जुळतात मासळीच्या कालवणापाशी. आता आमचीही डोकी पांढरी व्हायला लागली आहेत. म्हणून सगळ्या भावंडांनी मिळून आठवलेलं ते कालवण मी इथं लिहून ठेवते आहे.

आम्ही भोई. जुन्या काळी पालख्या-मेणे खांद्यावर वाहायचे आणि नदीत जाळं टाकायचं, ही आमच्या समाजाची कामं. मोटारी आल्या, मेणे गेले, जाळं राहिलं. आबांच्या लहानपणी होडी एखाद्याकडेच असायची. बाकीचे वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधायचे आणि तिच्यावर छाती टेकवून डोहात उतरायचे. आजी नदीला गंगामाय म्हणायची. सकाळी पहिलं पाणी भरताना ती काठाशी हात जोडायची आणि मगच घागर बुडवायची.

हे कालवण चुलीपाशी नव्हे, काठावर जन्मलं. पहाटे जाळं ओढलं की मासळीची निवड व्हायची. मोठी, देखणी मासळी ओल्या गवताखाली झाकून पैठणच्या बाजाराला जायची, कारण घरचं मीठ-पीठ तिच्यावर चालायचं. मागं उरायची ती बोटाएवढी चंदेरी मासळी, मूठभर झिंगे, एखादा खेकडा, जाळ्यात अडकून शेपूट तुटलेली वाम आणि मोठ्या माशांची डोकी. बाजारात त्याला कुणी विचारत नसे. रात्रभर पाण्यात काकडलेल्या माणसांना तर काहीतरी गरम हवं असायचं, आणि सगळ्यांत मिळून भांडं एकच असायचं. मग तीन दगडांची चूल मांडायची, काठावरच्या झाडाची चिंच नदीच्याच पाण्यात कोळायची, मीठ-तिखट टाकायचं आणि उरलेली मासळी त्यात सोडायची. घरून फडक्यात बांधून आणलेल्या ज्वारीच्या भाकरी त्यात कुस्करायच्या.

त्या भांड्यातही एक शिस्त होती. डोकी आधी पडायची, कारण त्यांना वेळ लागतो आणि रश्श्याला अंग त्यांच्यानंच येतं. मग खेकडा, मग वाम, आणि बारीक मासळी अगदी शेवटी, जाळ कमी केल्यावर. एकदा मासळी पडली की पळी घालायची नाही. भांड्याचे काठ फडक्यानं धरून ते नुसतं हलवायचं. थोरले काका सांगायचे की ही शिस्त त्यांना कुणी शिकवली नाही. काठावर चारदा पाहिलं की हात आपोआप तसाच चालायचा.

पुढं वाचायला लागल्यावर मला कळलं की जगात जिथं जिथं जाळं टाकणारी माणसं आहेत, तिथं असंच घडलेलं आहे. फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातल्या कोळ्यांनी खडकाळ समुद्रातली काटेरी, विकायला अवघड मासळी उकळून जे केलं, ते आज बुयाबेस म्हणून जगभर मिरवतं. तिथल्या उपाहारगृहांनी १९८० साली एकत्र येऊन, त्यात कोणते मासे असायला हवेत याची सनदच लिहून काढली. हंगेरीत समुद्र नाही. तिथं डॅन्यूब आणि टिसा या नद्यांच्या काठी कोळी मोठ्या कढईत नदीचेच मासे आणि लाल मिरचीची पूड घालून हालासले करतात. हंगेरीची ही कढई मला आमच्या सर्वांत जवळची वाटते. नदी, गोड्या पाण्याची मासळी, लालभडक रस्सा आणि उघड्यावरची चूल. सेगेड आणि बाया ही तिथली दोन गावं आपापल्या पद्धतीसाठी भांडतात, हे वाचून तर मला आमच्या दोघी आत्याच आठवल्या. एकीच्या कालवणात तीळ असायचे, दुसरीच्या शेंगदाणे, आणि दोघी एकमेकींचं मान्य करत नसत.

मग धरण आलं. मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी नावाच्या गावापाशी होती. ती पैठणला सरकली, नाव मात्र तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. शंकरराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते आणि मराठवाड्याला पाणी मिळावं ही त्यांची तळमळ होती. जवळपास दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरणारं पाणी आणि शंभर टीएमसीच्या वर साठा. एकनाथ महाराजांच्या गावचं पाणी म्हणून त्याचं नाव नाथसागर. या पाण्यानं मराठवाड्यातली शेतं भिजली आणि औरंगाबाद शहराची तहान भागली. याच पाण्याखाली अनेक गावं गेली. आबांचं गाव त्यातलं एक. घराचं जोतं, म्हसोबाचा दगड, काठावरची ती चिंच, सगळं बुडालं आणि आमचं बिऱ्हाड पैठणला आलं.

धरणानं जाळ्यातली मासळीही बदलली. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे उत्तरेतल्या गंगेच्या खोऱ्यातले मासे. तळ्यात कोंडले की ते अंडी घालत नाहीत, ही जुनी अडचण होती. हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात, पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं आणि देशभरच्या धरणांत त्यांचं बीज सोडण्याची वाट मोकळी झाली. आजही १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पैठणलाही मत्स्यबीज केंद्र उभं राहिलं, मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्या झाल्या. चिलापी तर थेट आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली. कधीतरी तीही आमच्या पाण्यात आली आणि इथलीच होऊन गेली. आबा कटल्याला कायम 'पाव्हणा' म्हणायचे. "पाव्हणा तोलाला लई जड हाय," असं ते कौतुकानं म्हणायचे, आणि वाम सापडली की मात्र चेहरा उजळायचा. ती त्यांच्या ओळखीची.

आबांच्या 'पाव्हण्या'चा विचार मी पुष्कळ वर्षं केला. आपण ज्याला पिढीजात कालवण म्हणतो, त्यातला कटला आला धरणाबरोबर. मिरची आली पोर्तुगीजांच्या जहाजांतून, अमेरिकेतून, गेल्या पाचशे वर्षांत. नदीचं वाहतं पाणी जाऊन साठलेलं पाणी आलं. भोपळ्यांच्या सांगडीच्या जागी आधी ट्रकच्या ट्यूब आल्या, मग थर्माकोलचे तराफे आले. इतकं सगळं बदलूनही आजीनं पहिला घास घेतल्यावर कधी म्हटलं नाही की हे आपलं कालवण नव्हे. जे विकून उरलं ते सगळं एका भांड्यात जायचं आणि त्या भांड्यावर काठावरच्या प्रत्येकाचा हक्क असायचा. तो हक्क शाबूत होता, म्हणून ते कालवण तिला आपलं वाटायचं. वारसा असतो तो या हक्काचा, असं मला आज खात्रीनं वाटतं.

आमच्या पिढीचं कालवण म्हणजे मे महिन्यातलं पैठण. वडील आणि धाकटे काका नोकरीसाठी औरंगाबादला आले होते. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, भोवती कंपन्या वाढल्या आणि गंगथडीची कितीतरी पोरं पाळीच्या भोंग्यावर जगायला लागली. आम्ही सिडकोत राहायचो. शाळेला सुट्टी लागली की एसटीनं निघायचं. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन मागं पडलं की धाकटा भाऊ खिडकीतून नाक बाहेर काढून सांगायचा, "पाण्याचा वास आला."

मासळी आली की अंगणात सगळ्यांना काम असायचं. वाम आणि मरळ हातात ठरत नाहीत, म्हणून चुलीतली राख चोळायची. राखेनं पकड येते आणि चिकटाही निघतो. खवले काढणं पोरांकडं, पोट साफ करणं काकूंकडं, आतडी टिपायला मांजरं आणि कावळे हजर. मग मीठ आणि हळद लावून मासळी परातीत निथळत ठेवायची. मरळ असेल तर ती बाजूला काढली जायची. मरळीला हवेतूनही श्वास घेता येतो, त्यामुळं ती हंड्यातल्या थोड्या पाण्यातही जिवंत राहते. घरात बाळंतीण असो, आजारातून उठलेलं कुणी असो, तो हंडा त्याच्यासाठी असायचा. त्या मरळीकडं बाकी कुणी आशेनं पाहायचं नाही, हे आम्हाला सांगावं लागलं नाही.

मसाला आजीचा. आमच्याकडं ओला नारळ पिकत नाही, त्यामुळं सुक्या खोबऱ्याची वाटी थेट आहारावर धरून काळपट भाजायची. कांदे सालीसकट निखाऱ्यात खुपसायचे. लसूण, धने, तीळ, थोडी खसखस, आणि उन्हाळ्यात करून बरणीत भरलेला काळा मसाला. हे सगळं पाट्यावर, पाण्याचा हबका मारत, गंधासारखं मऊ होईपर्यंत वाटायचं. जर्मनचं मोठं भगुनं चुलीवर चढायचं, त्यात करडईचं तेल. हा मराठवाड्याचा घाणा, दुसरं तेल आजी मासळीला लावू देत नसे. मसाल्यातून तेल सुटलं की गरम पाणी, पाण्याला उकळी आली की चिंचेचा कोळ, आणि मग डोक्यांपासून सुरुवात. तीच काठावरची शिस्त.

चिंचेचं काम नुसतं आंबट करण्याचं नव्हे. गोड्या पाण्यातल्या मासळीला कधी कधी मातकट वास असतो. चिखलातले आणि शेवाळातले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा तो वास. पहिल्या पावसानंतर जमिनीचा जो सुगंध येतो, त्यातही हेच द्रव्य असतं. आंबटात ते मोडतं. आजीला यातलं रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं. पण मे अखेरीस धरण खाली गेलं आणि पाणी गढूळ झालं की ती चिंचेचं बुटूक आपोआप मोठं घ्यायची.

पुढं आजीनं तुळशीची माळ घातली. नाथांच्या गावात राहून, नाथषष्ठीला दिंड्यांच्या पायांना पाणी घालून, कधीतरी ते व्हायचंच होतं. तिनं खाणं सोडलं, रांधणं सोडलं नाही. तिचं भांडं वेगळं, चूल वेगळी. पण आमच्या चुलीवर भगुनं चढलं की ती ओसरीवरून वाफेवर लक्ष ठेवायची. "खोबरं कमी भाजलंय," किंवा "चिंच आत्ताच नको," असं तिथूनच सांगायची, आणि ते बरोबर निघायचं. काकूंनी एकदा तिला विचारलं, "तुमच्यानं खाणं होत नाही, मग कशाला एवढा जीव काढता?" ती म्हणाली, "पोरायच्या तोंडाला गंगामायची चव राहू दे." सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण पाळणारं घर आणि जाळ्यावर जगणारं घर एकच होतं. त्यात कुणाला विसंगती वाटली नाही.

जेवायला अंगणात गोल बसायचं. आजीचा हुकूम ठरलेला, "आधी लेकरायला वाढा, मग मोठ्यायला." जर्मनच्या ताटलीत भाकर कुस्करून त्यावर पातळ शेरवा, वर एखादा तुकडा. काटा काढायला आम्हाला आबांनी शिकवलं. बोटांनी मांस चाचपायचं, घाईनं गिळायचं नाही, काटा अडकलाच तर कोरड्या भाकरीचा मोठा घास. डोकं ज्याच्या ताटात पडायचं तो मानकरी. ते चोखायला अर्धा तास लागायचा, आणि त्या अर्ध्या तासात आबांच्या तोंडून नदीच्या गोष्टी निघायच्या. कुठल्या डोहात भोवरा होता, पुरात कोण वाहून जाता जाता वाचलं, कुठली मासळी कुठल्या नक्षत्रावर चढते. बुडालेल्या गावाचा नकाशा आमच्या डोक्यात असा, ताटावर बसून तयार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं कालवण. रात्रीतून ते मुरायचं, डोक्यांतल्या चिकामुळं घट्ट व्हायचं. शिळ्या भाकरीबरोबर ते कोरड्यास खाताना आम्हा भावंडांत भांडणं व्हायची, आणि आज पन्नाशी-साठीतही फोनवर बोलताना प्रत्येकाला आठवतं ते हे शिळं कालवण.

शहरातल्या घरी कालवण लहान भांड्यात व्हायचं. शेजारी मालवणचं कुटुंब होतं, बदलीच्या नोकरीमुळं समुद्रापासून इतक्या आत येऊन पडलेलं. त्या शेजारच्या काकूंना नदीची मासळी सुरुवातीला रुचेना. तिला काटे फार आणि समुद्राचा खारटपणा नाही. त्यांच्या कालवणात ओलं खोबरं, तिरफळ, कोकम. आमच्यात सुकं खोबरं, काळा मसाला, चिंच. आईनं एकदा वाटीभर रस्सा दिला, त्यांनी त्या वाटीत सोलकढी परत पाठवली. मग वाट्या जातच राहिल्या. त्यांच्याकडं बर्फातली सुरमई आली की आम्हाला तुकडा, पैठणहून मासळी आली की त्यांना. गावाकडून त्या कोकम आणायच्या, आई त्यांना वर्षाची चिंच द्यायची. आमच्या पिढीला समुद्राची पहिली चव अशी भिंतीपलीकडून मिळाली.

सिडकोच्या त्या घरात नळाला येणारं पाणीही नाथसागराचंच होतं. जायकवाडीतून उपसलेलं पाणी फारोळ्याला शुद्ध होतं, नक्षत्रवाडीहून शहरात शिरतं. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, घराघरांत वरण त्याच पाण्यात शिजतं. पाणी कधी येणार याची चर्चा शहर रोज करतं. ते पाणी राखणाऱ्या, त्याच्यावर जगणाऱ्या माणसांची चर्चा मात्र क्वचित होते, याचं मला वाईट वाटतं. २०१६ च्या उन्हाळ्यात साठा तळाला गेला तेव्हा थोरले काका आम्हाला काठावर घेऊन गेले. भेगाळलेल्या गाळात उघडी पडलेली जोती दाखवत त्यांनी जुने डोह कुठं होते ते बोटानं सांगितलं. त्या वर्षी जाळी कोरडीच राहिली आणि घरातली दोन पोरं मजुरीला गेली.

आता थोरले काकाही नाहीत. चुलतभाऊ अजून पाण्यावर जातो. बाकीची भावंडं संभाजीनगर, पुणे, एक तर दुबईला. पुढची पोरं बिनकाट्याचा तुकडा मागतात, मिक्सरमध्ये वाटण करतात, आणि त्यात वाईट काही नाही. पाटा गेला म्हणून कालवण जात नाही. ते जाईल ते मासळीच संपली तर. घरात धरणाआधीपासून एक नियम होता. आखाडात नवं पाणी आलं की मासळी अंडी सोडायला प्रवाहाच्या उलट चढते, त्या दिवसांत जाळं वाळत टाकायचं. त्या काळासाठी उन्हात वाळवलेली बारीक मासळी गाडग्यात भरून ठेवलेली असायची. आज पावसाळ्यातल्या बंदीचा कागद निघतो, तरी बारीक छिद्रांची जाळी पाण्यात पडतात आणि बोटाएवढं बीज वाढण्याआधीच ओढून नेतात. आमचा चुलतभाऊ ते करत नाही. उत्पन्न बुडतं, तरी करत नाही.

म्हणून आमच्या पोरांना आम्ही भावंडांनी मिळून एवढंच सांगायचं ठरवलं आहे. पावसाळ्यात अंडी भरलेली मासळी विकत घेऊ नका. बाकीच्या दिवसांत ज्याच्याकडून घ्याल त्याला भाव पाडून मागू नका. घरी नेताना डोकी टाकून देऊ नका, रस्सा त्यांच्यानंच होतो. आणि सुट्टीत पैठणला या. जर्मनचं भगुनं काकूंच्या माळ्यावर आहे, ते पंचवीस माणसांना पुरतं.